चौथी ग्रंथी

स्तनाच्या कर्करोगात पुढचे उपचार ठरवताना डॉक्टर ज्या आकड्याकडे आधी पाहतात, तो काखेतून येतो. तपासलेल्या लसिकाग्रंथींपैकी कितींमध्ये कर्करोग पोहोचला, हा तो आकडा. पायाला काटा रुतून पिकला की जांघेत अवधान येतं. ती सुजलेली ग्रंथी आणि काखेतल्या ग्रंथी एकाच जातीच्या. स्तनातली लसिका, म्हणजे ऊतींमधून वाहणारा पातळ द्रव, मुख्यतः काखेकडे वाहते, त्यामुळे मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी बहुधा तिथेच पहिल्यांदा अडकतात. रिपोर्टात या सगळ्याला एक ओळ मिळते. ती ओळ कशी तयार होते आणि ती घाईने लिहिली तर काय हातचं निसटतं, हे आमच्या पॅथॉलॉजी विभागात आलेल्या एका प्रकरणावरून सांगते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण

54 वर्षांची शेतमजूर बाई, यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यातली. उजव्या स्तनाचा वरचा बाहेरचा भाग घट्ट लागतोय हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. दुखत नव्हतं, टणक गाठ अशी हाताला लागत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजीचं काही नाही, या समजाने आपल्याकडे फार बायकांचा घात केला आहे. वेचणी उरकेपर्यंत तिने घरात कोणाला सांगितलं नाही. पुढे गावातल्या आशाताईंच्या कानावर गेलं आणि त्यांनीच तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. सोनोग्राफीत काखेत एक मोठी झालेली ग्रंथी दिसली. स्तनातून जाड सुईने तुकडा घेतला, त्यात निदान आलं: इन्व्हेझिव्ह लोब्युलर कार्सिनोमा, म्हणजे आसपासच्या ऊतीत शिरणारा लोब्युलर प्रकारचा कर्करोग, श्रेणी 2. ईआर आणि पीआर (पेशींवरचा हार्मोनचा परिणाम दाखवणारी प्रथिनं) पॉझिटिव्ह, हर-2 (पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) निगेटिव्ह.

लोब्युलर प्रकाराचा स्वभाव या प्रकरणात पुढे पावलोपावली आडवा येतो. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन यात बहुधा नाहीसं झालेलं असतं. म्हणून या पेशी पुंजके करत नाहीत. एकेकट्या, नाहीतर एकामागे एक अशा रांगेत ऊतीत शिरतात. स्तनात गाठ नीट लागत नाही ती यामुळेच, मॅमोग्राफीत हा रोग कधी कधी चुकतो तो यामुळेच.

तालुक्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात तिचा स्तन आणि काखेतली चरबी एकत्र काढली गेली. काखेतली ग्रंथी आधीच मोठी झालेली असल्यामुळे पूर्ण काख साफ करण्याचा सर्जनचा निर्णय योग्यच होता. काढलेला नमुना पुतण्याच्या हाती एसटीने आमच्याकडे आला.

बरणी

नमुना एका अरुंद तोंडाच्या बरणीत कोंबलेला होता. ऊती टिकवणारं फॉर्मॅलिन जेमतेम अर्ध्यापर्यंत, आणि स्तन कुठेही चिरलेला नाही. ग्रामीण भागातून येणाऱ्या नमुन्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. फॉर्मॅलिन ऊतीत फार सावकाश शिरतं, तासाला एक मिलिमीटरच्या आसपास धरून चाला. अख्खा स्तन न चिरता बुडवला तर वरची साल पक्की होते आणि मधला भाग कुजायला लागतो. या बाईच्या बाबतीत नशीब एवढंच की ईआर, पीआर आणि हर-2 या तपासण्या आधीच सुईच्या तुकड्यावर झालेल्या होत्या. त्यांच्यासाठी ऊती 6 ते 72 तास फॉर्मॅलिनमध्ये राहिलेली असावी लागते आणि शरीराबाहेर काढल्यापासून तासाभरात ती फॉर्मॅलिनमध्ये पडावी लागते.

एक गोष्ट मात्र सर्जननी फार चांगली केली होती. काखेच्या अगदी वरच्या टोकाला दोरा बांधून पाठवला होता. दोरा नसेल तर टेबलावर चरबीचा नुसता गोळा समोर असतो. काखेचं टोक कुठलं आणि स्तनाकडची बाजू कुठली हे सांगता येत नाही.

आम्ही स्तन मागच्या बाजूने चिरून, कापांच्या मध्ये टिपकागद ठेवून, ताज्या फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर ठेवला. दुसऱ्या दिवशी गाठ मोजली: 3.4 सेंमी. दोन ते पाच सेंमीमधली, म्हणजे गाठीच्या आकाराच्या हिशेबात पीटी-2. मग काखेकडे वळलो.

चरबीतला शोध

लोकांना वाटतं पॅथॉलॉजिस्टचं काम सूक्ष्मदर्शकापाशी सुरू होतं. ग्रंथींच्या बाबतीत ते बोटांपाशी सुरू होतं. काखेतली चरबी पिवळीधमक आणि तेलकट असते, हातमोज्यातून बोटं सटकतात. तिचे पातळ काप करायचे, प्रत्येक काप अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पुढे सरकायचं. लागलेली ग्रंथी राखट-गुलाबी आणि चरबीपेक्षा घट्ट असते. तिच्याभोवती थोडी चरबी राखून ती अलगद सोडवायची. सगळी चरबी खरवडून काढली तर कर्करोग ग्रंथीच्या आवरणाबाहेर पडला आहे की नाही, हे नंतर दिसत नाही.

आमच्या निवासी डॉक्टरला पहिल्या दिवशी 6 ग्रंथी मिळाल्या. तिने विचारलं, "मॅडम, पूर्ण काख काढली म्हणतात, मग सहाच कशा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पूर्ण काख काढलेल्या नमुन्यात किमान 10 ग्रंथी मिळाव्यात अशी जुनी अपेक्षा आहे. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी झाली असेल तर त्या कमी मिळतात, पण इथे ती झालेली नव्हती. कमी मिळण्याची कारणं दोनच उरतात: सर्जनने कमी काढल्या, किंवा आम्ही कमी शोधल्या. रिपोर्टात "6 ग्रंथी मिळाल्या" एवढंच लिहून मोकळं झालं तर वाचणाऱ्याला या दोन्हींतला फरक कधीच कळत नाही. म्हणून अंतिम रिपोर्टवर सही होईपर्यंत उरलेली चरबी फेकायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे आणि तो मोडायला मी कोणाला मुभा देत नाही.

ती चरबी आम्ही चरबी विरघळवणाऱ्या कार्नॉय द्रावणात ठेवली. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ग्लेशियल असेटिक आम्लाचं हे मिश्रण चरबी ओसरवतं आणि ग्रंथी पांढुरक्या दिसू लागतात. दुसऱ्या फेरीत आणखी 9 मिळाल्या. बहुतेक 2 ते 4 मिमीच्या, बोटाला न जाणवणाऱ्या. त्यांतली एक मात्र चांगली 2 सेंमी लांब होती, तरीही पहिल्या दिवशी निसटली होती. ती चरबीने भरलेली ग्रंथी होती. वयाबरोबर काखेतल्या ग्रंथींचा मधला भाग चरबीने भरत जातो आणि खरी लसिका-ऊती फक्त कडेला, नखाच्या कोरीएवढी उरते. बोटाला ती चरबीच वाटते, कापल्यावरही मध्ये चरबीच दिसते. उजेडाकडे धरून कडेची करडी कोर पाहिली तरच ओळखू येते. शिकणाऱ्यांना मी सर्वांत जास्त वेळ याच ग्रंथी दाखवण्यात घालवते, कारण निसटतात त्या बहुधा याच.

एकूण 15 झाल्या.

कॅसेट आणि शाई

प्रत्येक ग्रंथी लांबीच्या दिशेने 2 मिमी जाडीच्या कापांत चिरायची आणि सगळे काप तपासायला द्यायचे. हा 2 मिमीचा आकडा उगाच आलेला नाही. कर्करोगाचा 2 मिमीपेक्षा मोठा पुंजका असेल तर तो अशा कापांतून सुटू शकत नाही. कुठल्या ना कुठल्या कापाच्या तोंडावर तो येतोच. ग्रंथी नुसती दोन भागांत चिरून एकच अर्धा दिला, तर उरलेल्या अर्ध्यात काय होतं हे कायमचं अंधारात राहतं.

दुसरी काळजी हिशेबाची. मोठ्या ग्रंथीचे काप दोन कॅसेटमध्ये (काप ठेवायच्या छोट्या प्लास्टिकच्या डब्यांमध्ये) गेले आणि दोन्हींत कर्करोग दिसला, तर स्लाइडवर त्या दोन ग्रंथी वाटू शकतात. उलट, तीन बारीक ग्रंथी एकाच कॅसेटमध्ये ठेवल्या तर एकीचेच तुकडे वाटतात. म्हणून एका ग्रंथीला एक कॅसेट. जागेअभावी एकत्र ठेवायच्याच असतील तर प्रत्येकीला वेगळ्या रंगाची शाई लावायची आणि ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना डोळ्यांनी पाहून कापण्याच्या, कागदावर तसं लिहायचं. चरबीने भरलेल्या त्या लांब ग्रंथीचे काप दोन कॅसेटमध्ये गेले. कागदावर नोंद झाली: "एकच ग्रंथी, निळी शाई." पुढे मोजणीत हीच नोंद कामी आली.

भिंगाखाली

ग्रंथी पाहताना मी आधी कडेने फिरते. लसिका ग्रंथीत शिरते ती बाहेरच्या फुगीर बाजूने, आवरणाखालच्या पोकळीत. आलेल्या पेशी पहिल्यांदा तिथेच थांबतात. लहान भिंगाने आख्ख्या कडेला एक फेरी, मग 10 च्या भिंगाने पुन्हा, आणि जिथे शंका येईल तिथे 40 चं.

पहिल्या सहांपैकी एका ग्रंथीत 7 मिमीचा पुंजका होता आणि पेशी आवरण फोडून बाहेरच्या चरबीत शिरल्या होत्या. दुसऱ्या एकीत 1.1 मिमीचा छोटा पुंजका. उरलेल्या चार स्वच्छ. दुसऱ्या फेरीतल्या नऊंपैकी 3 मिमीची एक ग्रंथी कर्करोगाने गच्च भरलेली होती. ही पहिल्या दिवशी मिळालीच नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. आता तीन झाल्या.

मग ती चरबीने भरलेली ग्रंथी. कडेच्या पातळ कोरीत पोकळ्या रुंद झालेल्या आणि त्यांत फिकट पेशी विखुरलेल्या. निवासी डॉक्टर म्हणाली, "मॅडम, हिस्टिओसाइट्सच आहेत ना?" तसं वाटणं साहजिक होतं. काखेतल्या ग्रंथींच्या पोकळ्यांत हिस्टिओसाइट्स, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, नेहमीच असतात, आणि स्तनात सुई टोचलेली असेल तर जास्तच. तुरीच्या डाळीत हरभऱ्याची डाळ मिसळली की वरवर पाहून कळत नाही, तशी लोब्युलरच्या पेशींची आणि हिस्टिओसाइट्सची गल्लत होते. फरक आहे, पण बारीक. हिस्टिओसाइटचं केंद्रक घेवड्याच्या बीसारखं वाकलेलं, भोवतालचा भाग फेसाळ आणि ऐसपैस. इथे काही पेशींची केंद्रकं गोल, गडद, एका बाजूला सरकलेली होती, आणि दोन-तीन पेशींच्या आत म्यूसिनचा, म्हणजे चिकट स्रावाचा, छोटा थेंब दिसत होता. असा थेंब दिसला की मी थांबते.

सायटोकेरॅटिनचा रंग लावायला सांगितला. सायटोकेरॅटिन हे आवरण-पेशींमधलं, आणि म्हणून स्तनाच्या कर्करोगपेशींमधलंही, प्रथिन. हिस्टिओसाइट्स आणि लसिकापेशींत ते नसतं. स्लाइड आली. पोकळ्यांतून आणि आतल्या भागातूनही तपकिरी पेशी साधारण 3 मिमी अंतरभर पसरलेल्या, एकेकट्या, पण शेकड्यांनी. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ग्रंथीच्या सांगाड्यातल्या काही निरोगी पेशीही सायटोकेरॅटिनचा रंग धरतात. त्या बारीक, फाटे फुटलेल्या, जाळीदार असतात. आम्ही पाहत होतो त्या पेशी गोल आणि भरीव होत्या, आणि शेजारच्या, नेहमीच्या रंगाच्या एच अँड ई स्लाइडवर नेमक्या त्याच जागी ते थेंबवाले गोल केंद्रक होते. दोन्ही स्लाइड जुळल्यावरच निर्णय झाला.

आणखी एका बारीक ग्रंथीतही रंग लावल्यावर पेशी दिसल्या, पण मोजून चाळीसच्या आसपास, त्याही पसरलेल्या.

मोजणीचे नियम

कर्करोगाची अवस्था ठरवणाऱ्या टीएनएम पद्धतीची आठवी आवृत्ती जानेवारी 2018 पासून लागू झाली. तिच्या हिशेबात 0.2 मिमीपर्यंतचा पुंजका, किंवा एका छेदात 200 पेक्षा कमी विखुरलेल्या पेशी, यांना "सुट्या पेशी" म्हणतात. 0.2 पेक्षा मोठा पण 2 मिमीपर्यंतचा तो मायक्रोमेटास्टॅसिस, म्हणजे बारीक पसरण. 2 मिमीच्या वर मॅक्रोमेटास्टॅसिस, म्हणजे मोठी पसरण. सुट्या पेशी आणि मायक्रोमेटास्टॅसिस हा भेद 2002 मधल्या सहाव्या आवृत्तीत आला आणि 200 पेशींची मर्यादा सातव्या आवृत्तीत जोडली गेली. लोब्युलरसारख्या विखुरणाऱ्या रोगाला नुसती लांबी मोजून न्याय देता येत नव्हता, म्हणून ही दुसरी मर्यादा फार उपयोगाची ठरली.

किमान एका ग्रंथीत 2 मिमीपेक्षा मोठा पुंजका असेल तर मायक्रोमेटास्टॅसिसच्या ग्रंथीही मोजणीत धरतात. ज्या ग्रंथीत केवळ सुट्या पेशी आहेत, ती धरत नाहीत. तिचा उल्लेख वेगळा करतात. (शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी झाली असेल तर मात्र सुट्या पेशींनाही वजन येतं, तिथे रोग पूर्ण गेला असं त्यांच्या उपस्थितीत म्हणता येत नाही.) 1 ते 3 ग्रंथी म्हणजे पीएन-1ए, 4 ते 9 म्हणजे पीएन-2ए, 10 किंवा जास्त म्हणजे पीएन-3ए.

आता या बाईचा हिशेब. 7 मिमीची एक, 1.1 मिमीची एक, गच्च भरलेली एक. विखुरलेल्या पेशींची लांब ग्रंथी 200 ची मर्यादा कितीतरी ओलांडून गेलेली, त्यामुळे तिला मायक्रो म्हणा की मॅक्रो, मोजणीत ती येतेच. तिच्या दोन्ही कॅसेटमध्ये कर्करोग होता. निळ्या शाईची नोंद नसती तर कोणी पाच मोजल्या असत्या. चाळीस पेशींवाली ग्रंथी मोजणीबाहेर. म्हणजे 15 पैकी 4. पीएन-2ए.

पहिल्या दिवशीच्या सहा ग्रंथींवर रिपोर्ट गेला असता तर 6 पैकी 2, पीएन-1ए, शरीररचनेवर आधारलेली अवस्था 2बी. पूर्ण तपासणीनंतर ती 3ए झाली. बाई तीच, रोग तोच.

विलंब

पुतण्या रिपोर्ट न्यायला आला तो ठरल्या दिवशी. रिपोर्ट तयार नव्हता. तो चिडला नव्हता, काळजीत होता. "मॅडम, काकूचं तं सारं काढून टाकलं म्हणते डॉक्टर. मंग आता तुम्ही काय पाहून राह्यले? काऊन इतके दिवस लागते?"

त्याला बसवून सांगितलं. काकूंच्या काखेत काही बारीक ग्रंथी उशिरा मिळाल्या, त्यांतल्या एकीवर वेगळा रंग लावावा लागतोय, आणि त्यावरून नागपूरला शेक द्यायला न्यायचं की नाही ते ठरेल. 'शेक' हा शब्द आमच्याकडे किरणोपचारासाठी सगळे वापरतात. एवढं कळल्यावर त्याने एकच विचारलं, "सोमवारी येऊ का मंग?" नातेवाइकांना उशीर सहन होतो, उशीर कशामुळे होतोय ते न सांगणं सहन होत नाही. रिपोर्ट खिडकीतून देणाऱ्या कर्मचाऱ्यावर हे सांगण्याचं काम टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढचे उपचार

1 ते 3 ग्रंथी असतील तर स्तन काढल्यानंतर किरणोपचार द्यावेत का, हे रुग्णागणिक ठरवतात. 4 झाल्या की छाती आणि गळपट्टीच्या हाडावरचा भाग यांना किरणोपचार देण्याबाबत फारसा मतभेद उरत नाही. केमोथेरपी आटोपल्यावर बाई नागपूरला गेली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसला. प्रश्न राहण्याचा होता, तो धाकट्या बहिणीने सोडवला. त्यानंतर हार्मोनची गोळी, किमान 5 वर्षं.

हिच्यासारख्या रुग्णांत काखेची शस्त्रक्रिया झालेल्या हाताला सूज येण्याची भीती कायम असते, आणि काखेवर किरणोपचार झाले तर ती वाढते. कापसाच्या वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांना सारखी बोचतात. त्या हाताला झालेली साधी जखमही चिघळू शकते, हे तिला सर्जननी सांगितलं होतं का, कल्पना नाही. म्हणून किरणोपचार विभागातल्या सिस्टरांना आम्ही मुद्दाम कळवलं की बाई वेचणीला जाणारी आहे. त्यांनी हाताचे व्यायाम शिकवले आणि उजव्या हाताला मोजा घातल्याशिवाय वेचणीला बसायचं नाही असं बजावलं.

राहिलेला वाद

या प्रकरणानंतर विभागात चर्चा झाली ती सायटोकेरॅटिनची. लोब्युलरच्या प्रत्येक रुग्णात सगळ्या ग्रंथींवर तो रंग लावावा, असं एका सहकाऱ्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. पूर्ण काख काढलेल्या नमुन्यात तो सरसकट लावायला कोणतीही मान्य पद्धत सांगत नाही, आणि 15 ग्रंथींचा खर्च योजनेबाहेरच्या रुग्णाच्या खिशातून जातो. शंका आलेल्या ग्रंथीवर जरूर लावावा, आणि शंका येण्यासाठी एच अँड ई स्लाइड निवांत पाहिलेली असावी. त्या बाईची चौथी ग्रंथी रंगाने सापडली हे खरं. पण ती कार्नॉयच्या भांड्यातून बाहेर आली नसती तर रंग लावायला काही उरलंच नसतं. पैसा आणि वेळ आधी तिथे, ग्रॉसिंगच्या टेबलावर घालावा.

दरम्यान, आमच्याकडे नमुने पाठवणाऱ्या तालुक्यांच्या सर्जनना आता आम्ही झाकणाच्या रुंद तोंडाच्या बादल्या देतो. बादलीवर नमुन्याच्या दहापट फॉर्मॅलिनची रेघ मारलेली असते. सोबत मराठीत एक कागद: स्तन मागच्या बाजूने चिरून टाका, काखेच्या टोकाला दोरा बांधा, नमुना काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहा. बहुतेक जण वेळ लिहून पाठवतात. दोरा अजून सगळ्यांकडून येत नाही. ज्यांच्याकडून येत नाही त्यांना आम्ही फोन करतो.